फोटोपुढची वाटी

टूर दोघांची ठरली होती. बायको त्याआधीच वरच्या टूरला निघून गेली, म्हणून व्हिएतनामला मी तिचा फोटो खिशात घालून गेलो. आमची वसमतची मंडळी तिथंबी धपाटे-ठेचाच खाऊन राहिली होती. ती गेल्यापासून मला घास उतरेना. गाईडला घेऊन गल्लीत निघालो.

तिथं बोळक्या तोंडाची एक म्हातारी शेवयांचं सूप विकत होती. पहिली वाटी तिनं नवऱ्याच्या फोटोपुढं ठेवली. गरम हाय म्हणून पंख्यानं वारा घातला, आन् काहीतरी बोलून हसली.

गाईड म्हणला, "काका, ती म्हणते, जिता असताना रोज नावं ठेवायचा. आता बघा, कसा गुमान खाऊन राहिला!"

मी हसलो, तसं डोळ्याला पाणी आलं. खिशातला फोटो काढून पुढं ठेवला. म्हातारीनं एक वाटी मला दिली, दुसरी भरून माझ्या बायकोपुढं सरकवली, वर कोंबडीचे चांगले मोठे तुकडे.

आता आली का पंचाईत! आमची बायको माळकरी. अंडं शिजलेलं भांडंबी घरात येऊ द्यायची न्हाई.

"थांब, काढतो," मी फोटोला म्हणलं. तुकडे माझ्या वाटीत घेतले, शेवया तिला ठेवल्या. लई दिसांनी पोटभर जेवलो.

रस्साबी कोंबडीचाच होता. ते मात्र तिला सांगितलं न्हाई.