वाकडा खण

आमच्या संत गेर्ट्रूडच्या चर्चचा तिसरा खण, म्हणजे खांबांच्या दोन जोड्यांमधला चौक, वाकडा आहे, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सहाशे वर्षांपूर्वी गवंड्यांची एक टोळी वेदीकडून बांधत आली, दुसरी मनोऱ्याकडून, आणि मध्ये भेटायच्या वेळी दोन्ही वीतभर चुकल्या. भिंती कोणी पाडल्या नाहीत. वाकड्यावरच विटांचं कमानीदार छत चढवलं, आणि ते बॉम्ब पडेपर्यंत टिकलं. लग्नाचा गालिचा आम्ही तिथे अजूनही तिरका अंथरतो, नाहीतर नवरी थेट खांबावर जाते.

मी या चर्चची झाडलोट करते. युद्ध संपून सात वर्षं झाली तरी हिवाळ्यात बाकांवरचा बर्फ झाडत होते. मग सरकारने राटके नावाचे इंजिनिअर पाठवले. माणूस सभ्य, पण त्यांनी आल्या आल्या काँक्रीटचं सपाट छप्पर सुचवलं. माझं तर डोकंच फिरलं. जर्मनीच्या आमच्या या उत्तर किनाऱ्यावर दगड मिळत नाही. जे उंच आहे ते सगळं आम्ही माती भाजून उभं केलंय, आणि त्यावर म्हणे काँक्रीट!

जूर्न वुल्फहागेन मात्र चिडला नाही. त्रेसष्ट वर्षांचा गवंडी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चिखलाच्या बुटांनीच तो राटकेंच्या कचेरीत शिरला. म्हणाला, "एक खण माझ्या हाती द्या, साहेब. विटांनी बांधतो. टिकला तर उरलेले पाचही माझे. पडला तर ओता तुमचं काँक्रीट."

राटकेंनी नकाशा काढून दिला आणि नेमका तिसरा खण दिला.

आता खरं सांगायचं तर पहिली चूक जूर्नचीच. नकाशात खण सरळ चौकोनी होता. जूर्नचं लग्न याच चर्चमध्ये झालेलं, त्या तिरक्या गालिच्यावरून तो स्वतः चालला होता; तरी सरकारी शिक्क्याचा कागद हातात आल्यावर शहाणा माणूस पायांना कळलेलं विसरला. कागदाबरहुकूम कमानी तोलणाऱ्या लाकडी सांगाड्याचं सेंटरिंग लावलं, अकरा दिवस खपला. चार कोपऱ्यांतून कमानी वर चढल्या आणि मध्यावर वीतभर चुकल्या.

"फट सिमेंटने भरून घ्या," राटके म्हणाले. "खालून कोणाला दिसणार आहे?"

"मला," जूर्न म्हणाला, आणि अकरा दिवसांचं काम स्वतःच्या हाताने उतरवलं. त्याची बायको गेशे खाली उभी राहून विटा साफ करत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. "लग्नात माझ्या पायावर पाय दिलास, तोही इथंच! तेव्हापासून ठाऊक होतं ना? मग कागद कशाला चाटत बसलास?"

"चुकलो म्हणतोय ना, बाई."

"मोठ्यानं म्हण. आल्माला ऐकू गेलं नाही."

मला ऐकू गेलं होतं. त्याने नकाशा गुंडाळून ठेवला. दोरी घेतली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणली, प्रत्येक कमानीला तिचं स्वतःचं माप दिलं. दोन महिन्यांनी चारही कमानी भेटल्या. खणाच्या मध्यावर नाही, चार बोटं उत्तरेला. राटकेंनी ओळंबा सोडून पाहिला आणि मान हलवली. "हे उभं राहणार नाही."

आमच्याकडची रीत अशी की सेंटरिंगच्या पाचरी निघताना छत बांधणारा त्याच्याखाली एकटा उभा राहतो. आपल्या कामावर विश्वास नसेल तर दुसऱ्याने का ठेवावा? नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाच्या सकाळी अर्धं शहर जमलं. जूर्न टोपी काढून मधोमध उभा राहिला. आणि तिथेच घोडं अडलं. पाचरी कोणी ठोकायच्या? त्याची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. छत आलंच खाली, तर मास्टरला मारल्याचं पाप कोण घेणार?

गेशेने शाल खाली ठेवली आणि हातोडा उचलला.

"बाजूला हो गं," जूर्न ओरडला. "तुझं काम नाही ते!"

"चाळीस वर्षं तुला टोचून बोलण्याचं काम माझंच ना? मग हेही माझंच. उभा राहा नीट, पाठीला पोक काढू नकोस."

तिने एकेक पाचर उडवली. शेवटच्या पाचरीला तिचा हात थांबला. जूर्न हळू आवाजात म्हणाला, "मार, गेशे. पक्कं आहे."

तिने मारली. वरून कट्‌ असा आवाज आला, सगळं छत बोटभर खाली बसलं, चुन्याची भुकटी जूर्नच्या टकलावर पडली. मग लाकडं सैल होऊन छतापासून सुटली आणि वर विटा जागच्या जागी राहिल्या. वाकड्या भिंतींवर वाकडं छत, भक्कम. अख्ख्या जर्मनीत त्या क्षणी माझ्याइतकी ताठ मान कोणाची नव्हती.

राटके टोपी काढून छताखाली गेले. बराच वेळ वर पाहत राहिले. "पुढचा खण कधी सुरू करताय, मास्टर?"

"सोमवारी," जूर्न म्हणाला. पण तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. गेशेच्या हातातून हातोडा सुटत नव्हता, आणि तो तिची बोटं एकेक करून उलगडत होता.