तळहातावरची टाकी

परभणीतली जुनी पाण्याची टाकी पाडणार, असं पेपरात आलं त्या दिवसापासून मी घरात नीट बसलेलो नाही. पुस्तक उघडतो, अर्धं पान वाचतो आणि चप्पल घालून बाहेर पडतो. टाकीपर्यंत जातो, ती अजून उभी आहे हे बघतो, परत येतो. पाणी पितो. पुन्हा तेच पान उघडतो.

टाकीत माझा जीव अडकावा असं काही नाही. पण पत्नी गेली तेव्हा तिने काढायला घेतलेला एकच फोटो अर्धवट राहिला होता, आणि तो या टाकीचा होता.

तिला मोबाइलवर फोटो काढायचा नाद उशिरा लागला. माणसांचे नाही, सणासुदीचे नाही. गावातल्या रोज दिसणाऱ्या वास्तू ती माझ्या हातावर ठेवायची. मी पुढे जाऊन हात पसरून उभं राहायचं आणि तिने मागून असा नेम धरायचा, की लांबची इमारत नेमकी माझ्या तळहातावर बसल्यासारखी दिसावी. दर्ग्याचा घुमट मी उपड्या वाटीसारखा चिमटीत धरलेला आहे. स्टेशनवरचा पूल माझ्या दोन बोटांवर दोरीसारखा ताणलेला आहे. जिंतूरची एसटी माझ्या मनगटावरून कोपराकडे निघाली आहे.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. भर रस्त्यात हात पसरून उभं राहणं मला फार जड जायचं. एकदा बसस्टँडसमोर एका रिक्षावाल्याने विचारलंच, "काका, पाऊस येतो का बघायलेत?"

मागून तीच ओरडली, "न्हाई हो, गाव तोलायलेत!"

तो हसला, ती त्याहून जास्त हसली. हसता हसता तिचा नेम चुकला आणि मला पुन्हा हात पसरावा लागला.

टाकीचा फोटो मात्र जमेना. टाकीचे खांब माझ्या हाताआड झाकले जावेत आणि वरचा गोल घुमट तळहातावर लाडवासारखा बसावा, असं तिच्या मनात होतं. पण दोन्हींच्या मध्ये आभाळाची एक फट राहायची.

"अहो, हात वर. अजून वर. टेकत न्हाई."

"आता खांदा निखळेल."

"निखळू द्या, बसवून देते. हालायलाय हात तुमचा."

मग ती मोबाइल खाली करायची. "राहू द्या. उद्या बघू." असे बरेच उद्या झाले. पुढे दवाखाना सुरू झाला आणि फोटोचा विषय निघाला नाही.

पेपरातली बातमी वाचल्यावर मी एकट्याने प्रयत्न करून बघितला. एका हातात मोबाइल, दुसरा हात पुढे. आपला हात आपल्याला फार जवळ पडतो. बोटं केळ्यांएवढी आली आणि त्यांच्यामागे टाकी चिंचोक्याएवढी. तो फोटो मी पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला.

तेवढ्यात जिंतूरहून मेहुणी आली. पत्नीची धाकटी बहीण. माझं जेवण नीट चाललंय का ते बघायला ती अधूनमधून येते. चहा घेताना मी तिला सांगितलं.

"टाकीचा फोटो?" ती म्हणाली. "दाजी, अख्ख्या परभणीत तुमाला टाकीच घावली?"

मी तिला बाकीचे फोटो दाखवले. पुलाच्या फोटोला ती हसली. एसटीच्या फोटोवर बराच वेळ थांबली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "चला. ऊन चढायच्या आत जाऊ."

टाकीभोवती पत्रे लावले होते. आत एक जेसीबी येऊन उभा होता. मी नेहमीच्या जागी हात पसरला. मेहुणी रसाच्या गाड्याजवळ, विजेच्या खांबाशी उभी राहिली. पत्नी तिथेच उभी राहायची.

"हात वर घ्या, दाजी. अजून. न्हाई टेकत."

दोघी बहिणींचा आवाज एकसारखा आहे हे मला माहीत होतं. पण मेहुणीचा आवाज पाठीमागून पहिल्यांदाच ऐकला, आणि मी हात खाली घेऊन मागे वळलो.

"तू हात धर," मी म्हणालो. "मी काढतो."

त्या बाजूला मी कधी उभा राहिलो नव्हतो. मोबाइलमध्ये मेहुणीचा तळहात दिसला, वर टाकी आणि मध्ये तीच फट. तिने हात ताणला तरी फट जाईना. वैतागून मी खाली उकिडवा बसलो. तसा मोबाइलमध्ये तिचा हात वर सरकला, खांब झाकले गेले आणि टाकी अलगद त्यावर बसली.

एवढंच करायचं होतं. खाली बसायचं.

आणि ते पत्नीला ठाऊक होतं. दर्ग्याच्या घुमटाच्या वेळी ती मातीत बसली होती. स्टँडसमोर फुटपाथवर बसली होती. लुगड्याला लागलेली धूळ झटकत, हात पुढे करून म्हणायची, "उठवा मला." टाकीच्या वेळी मात्र ती एकदाही बसली नव्हती. विजेच्या खांबाला टेकून उभी असायची. तेव्हापासूनच तिला वाकणं होत नव्हतं. ते सांगायचं सोडून ती मला हात वर करायला सांगत राहिली.

"टेकली का, दाजी?"

"टेकली."

"मग दाबा की! हात भरून आला माझा."

मी बटण दाबलं. फोटो चांगला आला. हात माझा नाही, बांगड्यांचा आहे, पण फट नाही.

मेहुणी जवळ आली. "उठा आता. तुमाला चक्कर आली म्हणून लोक बघायलेत."

मी मोबाइल खिशात ठेवला आणि हात पुढे केला.

"उठव मला," म्हणालो.