मेनस्विचच्या घरातलं आळशी भांडं

सूतगिरणीत त्याला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला मेनस्विच म्हणत. संध्याकाळी शेवटचा कामगार बाहेर पडला की गिरणीची वीज बंद करणं हे त्याचं काम. आधी यंत्रांची, मग पंख्यांची, मग दिव्यांची, आणि सरतेशेवटी पॅनेलचा तो मोठा लोखंडी दांडा खाली ओढायचा. दांडा खाली आल्यावरही तो अंधारात थोडा वेळ कान देऊन उभा राही. कुठे काही गुणगुणत नाही ना, याची खात्री पटली की मगच कुलूप.

गिरणीत ही सवय सोन्यासारखी होती. घरी तिने उच्छाद मांडला होता. घरातला शेवटचा माणूस बाहेर पडला की मेन बंद, हा त्याचा कायदा. फ्रीजला त्याने स्वतःच वेगळी वायर टाकून दिली होती, तेवढा एक बिचारा सुटला. बाकी कशालाही माफी नव्हती. याला कारण होतं. उमेदवारीच्या दिवसांत त्याने एक जळालेलं घर पाहिलं होतं. घरधनीण इस्त्री चालू ठेवून बाजारात गेली होती. जळक्या वायरी गोळा करायला याला पाठवलं, आणि ती बाई रस्त्यावर उभी राहून याच्यासारख्या पोरसवदा माणसाला पुन्हा पुन्हा विचारत होती, "मी बंद केली होती ना हो?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याने ताक पिणंच सोडलं.

त्याची बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. सकाळी ती त्याच्या आधी निघे आणि संध्याकाळी त्याच्या आधी परते. परतली की पर्स खुंटीला आणि ती ओट्याशी. हा येईपर्यंत कांदा परतलेला असे, डाळ शिजत आलेली असे. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्याला आपल्या घरातला वास येई आणि तो उरलेल्या पायऱ्या जरा भराभर चढे. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नाही.

कारखान्यातल्या एका मैत्रिणीकडे तिने तो स्लो कुकर पाहिला. विजेवरचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. सकाळी सगळं कच्चं आत टाकायचं, बटण फिरवायचं आणि कामाला जायचं. संध्याकाळपर्यंत ते आपलं हळूहळू शिजत बसतं. ती हरखून तसाच एक विकत घेऊन आली. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने त्याचं नाव आळशी भांडं ठेवलं.

पहिल्या दिवशी बायकोने पहाटे उठून गाजरं, बटाटे, कोंबडी असं सगळं भरलं, बटण फिरवलं आणि गेली. मग मुलगी गेली. मग हा निघाला, आणि निघताना हात आपोआप मेनकडे गेला. संध्याकाळी तिने झाकण काढलं तर थंड पाण्यात कच्चे बटाटे. त्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याकडून शब्द घेतला. तो जिना उतरून रस्त्यापर्यंत गेला, तिथे त्याला ती इस्त्रीवाली बाई आठवली, आणि तो परत वर चढला. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर तिने भांडं खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिलं. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आपलं मला वाटतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याइतकी उसंत तिला नव्हती. पदर खोचून ती पुन्हा ओट्याशी उभी राहिली, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली तरी ती उभीच होती. पायांच्या शिरा फुगून निळ्या पडल्या होत्या. रात्री ती पाय उशीवर ठेवून झोपे, आणि हा तिला प्रेमाने सांगे, "जरा बसत जा गं."

मग तिच्या पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी याला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या, जपा, मऊ आणि पातळ जे खातील ते द्या, उपचारांना अधूनमधून आणत राहा. त्याला कळायचं ते कळलं. तिला तर त्याच्याही आधी कळलं होतं.

घरी आल्यावर दोन दिवस त्याने स्वयंपाकाचे जे प्रयोग केले त्याबद्दल न बोललेलंच बरं. तिसऱ्या दिवशी ती पलंगावरून म्हणाली, "अहो, कपाटावरचं आळशी भांडं काढा. तुमच्यासारख्या नवशिक्याला तेच बरं. त्यात काही जळत नाही."

त्याने खोकं खाली काढलं, भांडं घासलं, प्लग तपासला, वायर बोटांतून पुरती फिरवून पाहिली. मग पलंगावरून शिकवणी सुरू झाली.

"गाजर, बटाटा खाली. कडक जिन्नस तळाला, तिथे ऊब जास्त असते. कोंबडी वर. तुकडे सारखे करा, एक डोंगर आणि एक खडा असं नको."

"पाणी किती?"

"थोडंच. यात पाणी आटत नाही. आणि गळ्यापर्यंत भरू नका, पाऊण झालं की पुरे."

"मग?"

"मग काही नाही. झाकण ठेवा आणि विसरा."

हे विसरणं काही त्याला जमेना. गिरणीतून रजा घेतली होती, म्हणून भांड्यासमोर स्टूल टाकून तो पहारा करत बसला. दर थोड्या वेळाने झाकण उचलायचं, आत डोकवायचं, काट्याने बटाट्याला टोचायचं. प्रत्येक वेळी कोंडलेली वाफ भसकन निघून जाई आणि भांडं बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. संध्याकाळपर्यंत बटाटा काही मऊ झाला नाही.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ती म्हणाली. "झाकण उचललं की याचा दिवस वाया जातो. तुम्ही गिरणी चालू असताना दर तासाला दांडा ओढता का?"

हा दाखला त्याला पटला. पुढच्या आठवड्यात तो बऱ्याच गोष्टी चुका करत करत शिकला. दूध आधी घातलं आणि ते फाटलं, तेव्हा कळलं की दूध शेवटी. राजमा नुसता भिजवून तसाच आत टाकणार होता, तर ती पलंगावरून जवळजवळ उठून बसली. "आधी गॅसवर खळखळून उकळा. मंद आचेवर कच्चा राजमा विष होतो. मला मारायची एवढी घाई नको, मी चाललेच आहे." हे बोलून ती हसली, आणि तो उगीचच सिंकमधली एक स्वच्छ वाटी पुन्हा घासत राहिला.

मग एके दिवशी भोपळ्याचं सूप उत्तम जमलं. भोपळा, एक बटाटा, आल्याचा तुकडा, एवढंच. तिने अर्धी वाटी खाल्लं. चमचा खाली ठेवून म्हणाली, "मीठ बरोबर आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्याकडून कशाची पावती मिळवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याचा चेहरा एवढा फुलला की तिला आणखी दोन चमचे खावे लागले.

रजा संपली. तो अर्ध्या दिवसासाठी कामावर जाऊ लागला. समोरच्या दारातल्या निवृत्त शिक्षिका, सगळा मजला त्यांना बाईच म्हणे, अधूनमधून येऊन बघून जात. भांडं चालू ठेवून जायला आता त्याला अडचण नव्हती, कारण घर रिकामं नव्हतं. ती होती ना आत.

पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. एकदा ती म्हणाली, "मी गेल्यावर तुम्ही चहा-बिस्किटांवर राहाल. मला माहीत आहे. घर रिकामं झालं की तुम्ही हे भांडं परत कपाटावर टाकणार."

"नाही टाकणार."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," ती म्हणाली. "आता कोण मेल्यावर जाते ते बघायचं."

ती छताकडे बघत होती. "सोमवारी उपचाराला जायचंय ना? सकाळी भांडं भरा आणि चालू ठेवून चला. मला एकदा त्याचा वास जिन्यावर यायला हवाय. रोज मी यायचे तेव्हा घर गार असायचं. मीच आधी पोचायचे, मग वास कुठून येणार? एकदा तरी वाटतं, आपण दमून जिना चढावा आणि वर कुणीतरी आपल्यासाठी शिजवत असावं."

तिने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी मोजायला एका हाताची बोटं जास्त झाली असती. त्याने हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

सोमवारी त्याने भोपळा चिरला, तुकडे सारखे केले, झाकण ठेवलं, बटण फिरवलं. बाई सोबत यायच्या होत्या. दोघांनी तिला धरून एकेक पायरी उतरवलं, टॅक्सीत बसवलं. तिने पाठ टेकली आणि म्हणाली, "आज भूक लागेलसं वाटतंय." खूप दिवसांनी ती असं म्हणाली होती. तो दार लावून घेणार, तेवढ्यात त्याचा हात थबकला. वर खोलीत कुणी नव्हतं आणि भांड्याचा लाल दिवा चालू होता.

"चष्मा विसरलो," तो म्हणाला, आणि वर गेला.

संध्याकाळी ते परतले. पहिल्या वळणावर ती थांबून दम घेऊ लागली. दुसऱ्या वळणावर तिने मान वर केली आणि नाकाने श्वास घेतला. जिन्यात फिनेलचा वास होता, आणखी कसलाच नव्हता. तिने पुन्हा एकदा श्वास घेऊन पाहिला. मग त्याच्याकडे न बघता हलकेच विचारलं, "सापडला का चष्मा?"

रागाचा लवलेश नव्हता त्यात. तेच त्याच्या काळजात रुतलं. त्याने घाईघाईने भांडं पातेल्यात रिकामं केलं, गॅसवर सूप उकळलं, वाटी घेऊन गेला. तिची भूक मरून गेली होती. दुधात भिजवलेलं एक बिस्किट तिने त्याच्यासाठी म्हणून खाल्लं आणि कुशीवर वळली. त्यानंतर ती जेवायचं म्हणून कधी जेवली नाही. आठवडा सरता सरता ती गेली.

मुलगी आली, राहिली, रडली. फ्रीज भरून गेली. जाताना भांड्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हे मी घेऊन जाऊ का? तुम्ही काही वापरायचे नाही."

"राहू दे," तो म्हणाला.

कामावर परत जायच्या दिवशी तो लवकर उठला. गाजर, बटाटा खाली. कोंबडी वर. वरून चिरलेला कांदा. पाणी थोडंच. झाकण ठेवलं. बटण फिरवलं, लाल दिवा लागला. चपला घातल्या, किल्ली घेतली, आणि हात मेनकडे गेला. बोट खटक्यावर टेकलं. तो कान देऊन उभा राहिला, गिरणीत राहायचा तसा. घरात फक्त त्या भांड्याची, लक्ष दिलं तरच ऐकू येईल अशी बारीकशी घरघर होती. त्याला टॅक्सीत टेकलेली तिची पाठ दिसली. त्याने बोट काढून घेतलं, दार ओढलं, आणि मागे वळावंसं वाटेल म्हणून तो जवळजवळ धावतच जिना उतरला.

दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रस्त्यावरून आगीचा बंब गेला तेव्हा तो गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन बंब कुठे वळतो ते बघून आला. संध्याकाळी दांडा खाली ओढला आणि अंधारात कान द्यायचंही विसरून, सरळ कुलूप लावून घराकडे निघाला.

इमारत जागेवर होती. पहिल्या वळणापर्यंत फिनेल होतं. दुसऱ्या वळणावर वास आला. कांदा, गाजर, मऊ शिजलेली कोंबडी, अगदी भरून आलेला वास. त्याचे पाय भराभर पायऱ्या चढू लागले. कितीतरी वर्षं चढत आले होते तसेच. दारासमोर येऊन त्याने बेल दाबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उभा राहिला. थोड्या वेळाने पुन्हा दाबली.

समोरचं दार उघडलं. बाई उंबऱ्यात येऊन त्याच्याकडे बघत राहिल्या.

"भाऊ, बेल कुणासाठी वाजवताय?"

त्याने बेलवरचं बोट खाली घेतलं.

"वास आला," तो म्हणाला. "मला वाटलं, ती आलीय."

पिशवी त्याने खाली ठेवली आणि तो तिथेच पायरीवर बसला. रोज संध्याकाळी हा वास त्याला आयता मिळत आला होता, आणि तिने तो एकदाच मागितला होता. तो मान खाली घालून रडू लागला, मोठ्याने, मुलीसमोरही रडला नव्हता तसा. बाई शेजारी बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी त्याच्याकडून किल्ली घेतली आणि दार उघडून दिलं.