भिंगरीबाईंची घंटी

भिंगरीबाई हे नाव कर्करोग संशोधन विभागातल्या लोकांनीच ठेवलं होतं, आणि अगदी चपखल ठेवलं होतं. पेशी वाढवायची खोली कॉरिडॉरच्या एका टोकाला, बाईंचं टेबल दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर बाई हातात पेशींच्या काचेच्या डिश घेऊन अशा कापत, की समोरून येणारा आपणहून भिंतीला चिकटे. घराजवळची माणसं त्यांना डॉक्टर समजून खोकल्याचं औषध विचारायची. "मी तसली डॉक्टर नाही हो," बाई म्हणायच्या, "माझ्या पेशंटना तोंडच नसतं."

पेशंट म्हणजे कर्करोगाच्या पेशी. निरोगी पेशीला 'वाढ' हा निरोप बाहेरून यावा लागतो. तो निरोप आत पोचवणारं एक प्रथिन असतं, त्याला बाई घंटी म्हणत. कर्करोगाच्या पेशीत ही घंटी कुणी न दाबता वाजते का, हे शोधण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. त्यासाठी पेशींना रात्रभर उपाशी ठेवायचं, म्हणजे बाहेरून निरोप नाही, आणि सकाळी तपासायचं. सासूबाई हळहळायच्या, "अगं, मुक्या जिवांना उपाशी ठेवून कसला शोध लावतेस?"

पण शोध लागला! उपाशी पेशींतही घंटी वाजत होती, तपासणीच्या फिल्मवर तिची खूण म्हणून काळाभोर पट्टा उमटला होता. बाईंचं नाव झालं. दूरच्या एका प्रयोगशाळेला तसा पट्टा मिळेना, तेव्हा "त्यांचं पाणीच खराब असेल" म्हणून बाईंनी विषय संपवला. विभागप्रमुख सरांनी बाईंना पिपेट धरायला शिकवलं होतं. तो पट्टा त्यांनी प्रत्येक भाषणात मिरवला. आता ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणाचा शेवटही त्याच पट्ट्यावर करणार होते.

नेमक्या तेव्हाच बाई जिन्यावरून घसरल्या आणि मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. डिश आणायचं काम शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे आलं. ही बाई इतकी संथ, की तिला हाक मारली तर ओ यायच्या आत आपण विसरून जावं. तिनं डिश आणल्या, पेशी तपासल्या, आणि पट्टा गायब! पुन्हा केलं, पुन्हा गायब. "तू काहीतरी घोळ घालतेस," भिंगरीबाईंनी सगळं खापर तिच्यावर फोडलं.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्यासाठी एका हातानं चहा नेला. नवरा कपाकडे बघून म्हणाला, "धावतेस कशाला? अर्धा चहा बशीत. दोन हात होते तेव्हाही हेच करायचीस."

बाई जागच्या जागी थबकल्या. डिशमध्येही पाणीच असतं. ते हिंदकळलं की पेशींना धक्का बसणार. घंटी धक्क्यानं तर वाजत नव्हती?

प्लॅस्टर निघाल्यावर त्यांनी काही डिश आपल्या चालीनं नेल्या, काही मैत्रिणीच्या. काही तर जागेवरून हलवल्याच नाहीत. पट्टा फक्त त्यांच्या चालीच्या डिशमध्ये उमटला. आधी त्यांनी मैत्रिणीची माफी मागितली. मग सरांचं दार वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या हळू चालत आल्या होत्या.

"सर, घंटी आपोआप वाजत नव्हती. मीच वाजवत होते. छापलेला शोधनिबंध मागे घ्यावा लागेल."

आता सर आपल्याला परकं करणार, असं बाईंना वाटलं.

"तुझी पावलं ऐकली की मी चष्मा लावायचो, ही आली म्हणून," सर म्हणाले. "इतकी वर्षं ऐकली गं. मला तरी कुठं सुचलं?" ते उठले. "चल, एक डिश मला दे."

अलीकडे सरांचे हात थरथरायचे. ते हात सदैव खिशात असायचे, आणि विभागातले सगळे ते न पाहिल्यासारखं करायचे. आज सरांनी डिश उचलली आणि सगळ्यांसमोरून कॉरिडॉर पार केला. डिशमधलं पाणी टेबलापर्यंत थरथरत राहिलं.

निरोपाच्या दिवशी सरांनी जुना पट्टा दाखवला. "हा शोध चुकीचा होता. ज्या मुलीनं लावला तिनंच चूक पकडली. माझ्या हाताखाली झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच." मग दुसरा पट्टा पडद्यावर आला, पहिल्यापेक्षाही काळा. "आणि ही घंटी मी वाजवली," असं म्हणत त्यांनी दोन्ही हात खिशातून काढले आणि सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेत भिंगरीबाई मात्र हसता हसता रडायला लागल्या, आणि त्यांच्या मांडीवरच्या कपातला चहा पुन्हा बशीत सांडला.