निळ्या पाण्याचा पंचनामा

नोकरीत हाताळलेले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे कधी कधी बायकोला विचारावं लागतं. फवारणी पंपाच्या केसचं तसं कधी झालं नाही. तिच्यातली माणसं आजही समोर उभी असल्यासारखी दिसतात. बहुतेक जण हयात आहेत, म्हणून नाव कुणाचंही देत नाही.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात, मोताळ्याच्या बाजूला ठाणेदार होतो. बीटी कापूस येऊन काही वर्षं झाली होती. बियाणं आलं तेव्हा दुकानदार छातीठोक सांगत, आता फवारणीची कटकट संपली. बोंडअळी कमी झालीही, पण मावा आणि तुडतुडे काही हटले नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात जिकडे पाहावं तिकडे पाठीवर पंप घेतलेली माणसं कपाशीत दिसायची, आणि संध्याकाळी एसटीतसुद्धा औषधाचा वास यायचा.

आमच्या हद्दीत असे पंप बनवणारा एक कारखाना होता. मालक दूरच्या शहरात, इथला सगळा कारभार मॅनेजरच्या हातात. जोडणी खात्यात निम्म्याहून जास्त बाया. वर्षानुवर्षं काम करून कुणी कायम होत नसे. मधेच कामावरून कमी करायचं आणि थोड्या दिवसांनी नव्यानं घ्यायचं, अशी तिथली रीत. त्या बायांनी आणि काही फिटरांनी मिळून संघटना काढली. कंपनीनं संघटनेच्या सेक्रेटरीला तडकाफडकी काढलं. कामगार संपावर गेले, कंपनीनं गेटला टाळं ठोकलं, आणि ऐन हंगामात कारखाना बंद पडला.

गेटवर माझा एक हवालदार आणि दोन शिपाई बंदोबस्ताला होते. आत कुणी कामगार जाणार नाही आणि बाहेर जाणारा तयार माल कुणी अडवणार नाही, एवढंच त्यांचं काम. संप शांत होता. बाया मांडव घालून बसायच्या, घोषणा द्यायच्या आणि दुपारी शिपायांनाही चहा पाजायच्या.

एका सकाळी ग्रामीण रुग्णालयाची वर्दी आली. धामणगाव बढेजवळच्या एका खेड्यातला शेतमजूर विषबाधा होऊन दाखल झाला होता. फवारणी करताना औषध पाठीवर सांडलं, एवढंच त्यात होतं. मी ती वाचतो तोच दुसरी आली, वेगळ्या गावची. दोघांनाही बुलढाण्याला हलवलं होतं.

तेवढ्यात कारखान्याचा मॅनेजर आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत रबराच्या चकत्या, म्हणजे वॉशर. प्रत्येकावर ब्लेडनं दिलेला चिरा.

"साहेब, आमचे संपवाले काय थराला गेलेत बघा," तो म्हणाला. "टाकीच्या बुडाशी पाइप बसतो ना, तिथलं वॉशर कापून ठेवलंय. संपावर जायच्या आधीच माल बिघडवून गेले. आता लोक मरायला लागलेत. हे सात जण, यांना आजच्या आज अटक करा."

सातात पहिलं नाव सेक्रेटरीचं होतं. मॅनेजर खुर्चीत बसला असतानाच माझा फोन वाजला. तालुक्यातला एक पुढारी होता. मग वरिष्ठ कार्यालयातून विचारणा झाली. फिर्याद अजून लिहून व्हायची होती आणि 'अटक झाली का' हे विचारणारे दोघे झाले होते.

मी सातही जणांना ठाण्यात बोलावलं. सेक्रेटरी चाळिशी ओलांडलेली बाई होती. बाकीचे घाबरले होते, ती रागावलेली होती. त्या चकत्या मी तिच्यापुढे ठेवल्या.

"हे तुम्ही केलं?"

तिनं एक चकती उचलून पाहिली आणि परत ठेवली. "साहेब, संप आमी केला, घोषना आमी देल्या. त्याच्यासाठी आत टाका, मी चालले. पन हे नाई. माह्या घरचा मानूस मजुरीनं फवारनी करते. या बायांईच्या घरोघरी हाच पंप हाये. आमच्याच मानसाच्या पाठीवर आमी जहर सांडू का?"

"मग कुणी केलं?"

"ते तुमी शोधा ना! आमाले काऊन इचारता?"

पोलिसाला आरोपीचं रडणं लवकर कळतं, राग कळायला वेळ लागतो. खोटं बोलणारा माणूस सहसा अधिकाऱ्यावर चिडत नाही. त्याला तुम्हाला खूश ठेवायचं असतं. मी सातही जणांचे जबाब घ्यायला सांगितलं, अटक कुणालाच केली नाही आणि जीप काढून त्या खेड्याकडे निघालो.

मजुराचं घर गावाच्या टोकाला. त्याची बायको दवाखान्यात होती, म्हातारी आई दारात बसलेली. गोठ्यात पंप तसाच पडला होता. "नवा कोराच हाये, बाप्पा," म्हातारी म्हणाली. "पैल्याच फवारनीले हे असं झालं." पंचांसमक्ष पंप उघडला. गळती बुडाशीच होती, मॅनेजर म्हणाला तिथेच. पण वॉशरला चिरा नव्हता. ते अखंड होतं, नुसतं पातळ. दाब पडल्यावर ते जागेवरून सरकलं होतं आणि सगळं औषध त्या माणसाच्या पाठीवरून कमरेखाली उतरलं होतं.

जीपमध्ये बसलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हा पंप उघडणारा मी पहिला माणूस होतो. मग तो बुडाशी गळतो, हे मॅनेजरला सकाळीच कसं माहीत?

पण तपास थोडा वेळ थांबू शकत होता, शेतं थांबणार नव्हती. वाटेतल्या पोलीस पाटलाच्या घरून मी ठाण्याला फोन लावला आणि सगळ्या गावांच्या पोलीस पाटलांना निरोप द्यायला सांगितलं: या छापाचा नवा पंप कुणीही पाठीवर घेऊ नये, आत्ताच्या आत्ता दवंडी द्या. यात कंपनीचं नाव विनाकारण बदनाम होईल का, याचा विचार मी केला नाही. झालं असतं तर माफी मागता आली असती.

तिथून धामणगाव बढे. पंप विकणारे दुकानदार एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते, शेती अवजारांचं जुनं दुकान. मी गळतीबद्दल विचारताच त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं.

"कंपनीतून कुणी चौकशीला आलं होतं?"

"कोन येते साहेब? तीन रोजापासून फोन लावून राह्यलो. मॅनेजर उचलतच नाही. परवा कंपनीचा सेल्समन आला, त्याले म्हनलं, लोक शिव्या देऊन राह्यले, माल वापस न्या. तो म्हने, विकून टाका, काही होत नाही." त्यांनी मागच्या खोलीतून एक न उघडलेला खोका आणला. "सच्ची बात सांगू का? मी त्याच रोजी इक्री बंद केली. हे पाहा."

पंपाचा लोखंडी दांडा खोक्याच्या पुठ्ठ्याला चिकटला होता. मी तो ओढला तर माझ्या बोटांना लाल रंग लागला. पावसाळी हवेत रंग अजून वाळलाच नव्हता. कारखाना मात्र कितीतरी दिवस बंद होता. मग हा पंप बनवला कुणी, आणि कुठे?

परतताना मी कारखान्याच्या गेटवर थांबलो. हवालदार माझ्या भरवशाचा माणूस, कमी बोलणारा. त्याला बाजूला घेऊन विचारलं, आतून रोज काय काय बाहेर जातं?

"तयार मालाचा ट्रक जाते साहेब. अन् दुपारी फोरमनची गाडी. तिच्यात टाक्या अन् दांडे असतेत, सुटे. मी इचारलं होतं. तो म्हने, भंगार हाय."

"भंगार रोज निघतं?"

हवालदार हसला. "मंग उद्या गाडीच्या मागं जाऊ का?"

दुसऱ्या दिवशी तो साध्या कपड्यात मोटारसायकलवरून मागे गेला. गाडी नांदुऱ्याच्या बाजूला, वडनेर भोलजीच्या अलीकडे एका बंद पडलेल्या पत्र्याच्या गोदामात शिरली. निरोप येताच आम्ही पंच घेऊन पोचलो. आत बाहेरच्या जिल्ह्यातून ठेक्यावर आणलेले मजूर पंप जोडत बसले होते. कोपऱ्यात ट्रकच्या चाकांच्या जुन्या ट्यूब होत्या. त्यातूनच चकत्या कापून वॉशर म्हणून बसवल्या जात होत्या. कारखान्यात येणारं जाड वॉशर एकही नव्हतं. फोरमन आम्हाला पाहून जागेवरच बसला.

माल जप्त केला, फोरमनला ठाण्यात आणलं आणि मॅनेजरलाही बोलावून घेतलं. तो आला तेव्हा तोरा कायम होता. बातमी फुटली होती. संपावरच्या बाया आणि दवंडी ऐकून पंप घेऊन आलेले शेतकरी आवाराबाहेर जमले होते.

"बाहेर जोडणी केली, त्यात बेकायदा काय?" मॅनेजर म्हणाला. "माल एक नंबर आहे. गळतायत ते पंप कामगारांनी बिघडवलेले. मी तुम्हाला पुरावा दिलाय."

"म्हणजे गोदामातला पंप गळणार नाही?"

"थेंबभरही नाही."

मी शेजारच्या किराणा दुकानातून कपड्यांना घालायची नीळ मागवली. जप्त मालातला एक नवा पंप पंचांनी स्वतः निवडला. एक पंच शाळामास्तर होते, दुसरे कापड दुकानदार. टाकीत साधं पाणी भरलं, त्यात नीळ कालवली आणि पंप आवारातल्या ओट्यावर ठेवला.

"घ्या पाठीवर," मी मॅनेजरला म्हणालो. "आवारात एक चक्कर मारा आणि दांडा हलवत राहा. विष नाही, नीळ आहे. थेंबभर गळला नाही तर तुमचं म्हणणं मी तसंच लिहून घेतो."

त्यानं पंपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या शर्टाकडे. "ही काय चौकशीची पद्धत झाली? मी वर बोलतो."

"बोला. पण आधी पंप घ्या."

तो मागे सरकला. बाहेरच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "घे ना बे! आमी तं रोजच घेतो!"

तेव्हा मीच कमरेचा पट्टा सोडून ठेवला आणि पंप उचलून पाठीवर घेतला. दांडा हलवत चालायला लागलो. फाटकापर्यंत काही झालं नाही. वळलो आणि पाठीवर गार लागलं. ते कमरेवर आलं, पँटमध्ये शिरलं, बुटापर्यंत पोचलं. ओट्याजवळ परत आलो तेव्हा माझी खाकी मागून निळी झाली होती आणि आवारात माझ्या पावलांचे निळे ठसे उमटले होते. गर्दीत कुणी हसलं नाही. त्या पाण्याच्या जागी काय असतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

फोरमन देऊळगाव राजाकडचा, पन्नाशीचा माणूस. तो इतका वेळ खाली मान घालून होता. माझी पाठ पाहिली आणि त्याचा धीर सुटला.

"साहेब, उतरवा तो पंप," तो म्हणाला. "मी सांगतो सगळं. मी ह्यांना म्हणलं व्हतं, ट्यूबचं वायसर टिकायचं न्हाई. हे म्हणले, हंगाम गेला तर वर्ष गेलं, माल काढ. मग सेल्समन सांगत आला की पंप गळायलेत. तव्हा ह्यांनी केबिनमधी बसून मला जुन्या वायसरांवर ब्लेड मारायला लावलं. म्हणले, संपवाल्यांच्या अंगावर घालू, संप बी मोडंल."

"खोटं बोलतोय!" मॅनेजर ओरडला.

"मग तुमी घ्या की पाठीवर!" फोरमन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो साहेबावर ओरडला असावा.

मॅनेजरला त्याच संध्याकाळी अटक केली. गळती कळूनही माल विकत ठेवला आणि त्याचा दोष निरपराध माणसांवर घालायला खोटा पुरावा रचला, असा गुन्हा नोंदवला. सकाळपर्यंत फोन करणारा पुढारी पुन्हा कधी बोलला नाही.

सातही कामगारांना मी सांगितलं, तुम्ही मोकळे आहात. बाया टाळ्या वाजवायला लागल्या, कुणी तरी गुलाल आणायला पळालं. सेक्रेटरी मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, गावोगाव अजून तसे पंप पडून हायेत. दवंडी देली म्हनून लोक किती दिस थांबतीन? कपाशीवर मावा चढून राह्यला. कारखान्यातले बराबर वायसर आमाले द्या. आमी बसवून देतो."

कामगार अधिकाऱ्यांना मधे घालून कंपनीच्या कोठारातून ती वॉशर मिळवली. धामणगाव बढेच्या आठवडी बाजारात त्या बायांनी चादर अंथरली. शेतकरी पंप घेऊन रांगेत उभे. संपावरच्या बाया, ज्या कंपनीनं त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं तिच्याच पंपांना नवं वॉशर बसवून देत होत्या, आणि पाणी भरून तपासल्याशिवाय पंप परत देत नव्हत्या. दुकानदार चाचांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. नंतर असाच बाजार दुसऱ्या गावांतही भरला. त्या हंगामात त्या छापाच्या पंपानं आमच्या हद्दीत आणखी कुणी दवाखान्यात गेलं नाही.

दोन्ही मजूर बरे होऊन घरी आले. एकाची नजर बरेच दिवस अंधुक राहिली, पण तो पुन्हा कामाला लागला. लोकांत एवढी छी-थू झाल्यावर कंपनीला गेट उघडावं लागलं. करार झाला, जुने कामगार कायम झाले. सेक्रेटरीला परत घेतलं तेव्हा बायांनी तिला वाजतगाजत गेटच्या आत नेलं. माझ्या हवालदारानं स्वतः फाटक उघडून धरलं. कोर्टात फोरमन साक्षीला टिकला आणि मॅनेजरला शिक्षा झाली. मालकानं 'मला काही माहीत नव्हतं' म्हणून अंग काढून घेतलं, आणि ते खोडून काढेल असा पुरावा मला शेवटपर्यंत मिळाला नाही. ते शल्य आहे, पण त्यानं त्या यशाची चव कमी झालेली नाही.

नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी हीच केस सांगतो. फिर्याद, पुरावा आणि आरोपी एकाच पिशवीतून टेबलावर आले, तर पिशवी आणणाऱ्याकडे आधी बघा. आणि गुन्हा घडून गेला आहे की अजून घडतोच आहे, हे विचारा. तो मजूर दवाखान्यात होता तेव्हा तसेच पंप घेऊन आणखी माणसं कपाशीत उतरत होती. आरोपी मला दुसऱ्या दिवशी सापडला. त्याआधीच्या संध्याकाळी ज्या घरांत दवंडी ऐकून पंप खुंटीला टांगून ठेवले गेले, त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही. माझ्या सगळ्या नोकरीतलं सर्वांत मोठं काम मी त्या घरांसाठी केलं, असं मी आजही मानतो.