निखिल इथे राहतो का?

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. पण परवापासून दुकानात कुणी भाव पाडून मागितला तरी मी 'घ्या' म्हणतोय — मी! इथे अमेरिकेत, आयसेलिनमध्ये साड्यांचं दुकान शून्यातून उभं केलेला माणूस.

बेसबॉलमधला डावखुरा निखिल तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. तो लहान होता तेव्हा त्याची आई, सुनंदावहिनी, माझ्याच दुकानात कामाला. राहायच्या शेजारच्या गावात. पोरांच्या बेसबॉल टीममध्ये मात्र फक्त आमच्या गावची मुलं घेत. मीच म्हणालो, "आमचा पत्ता द्या हो वहिनी, घर काय पळून जातंय?"

माझा रोहनही चेंडू टाकायचा. टीमचे शर्ट माझ्या दुकानाने दिलेले — आणि कोच रोहनला बाकावर बसवून चेंडू द्यायचा निखिलला. त्या कोचवरचा राग अजून गेलेला नाही. माझ्या पत्त्यावर खेळणारा पोरगा माझ्याच पोराची जागा खाणार? डोकं फिरायचं माझं.

मग एका शनिवारी लीगचा माणूस दारात. कुणीतरी तक्रार केली होती — मी नाही, एवढं खरं. "निखिल इथे राहतो का?"

वहिनी दुकानात, म्हणून निखिल आमच्याकडेच होता; मागे अंगणात भिंतीवर चेंडू मारत होता. धप्प. धप्प. त्या माणसालाही ऐकू येत नसेल का?

"नाही," मी म्हणालो.

खोटं होतं? नव्हतं. म्हणून तर इतकी वर्षं पचलं.

निखिलचा सगळा सीझन गेला. वहिनींना म्हणालो, "मी खूप भांडलो हो." त्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून." मी पोळ्या खाल्ल्या.

आणि रोहन? जागा मोकळी झाली, त्याच आठवड्यात त्याने खेळणं सोडलं. किती टोमणे मारले मी त्याला — लग्नात, दिवाळीत, चारचौघांत. बापाने एवढं केलं आणि हा पळपुटा!

परवा आम्ही दोघं निखिलची मुलाखत बघत होतो. तो म्हणाला, "त्या वर्षी माझ्यासाठी फक्त काका भांडले." मी ऐटीत रोहनकडे पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "त्या शनिवारी मी जिन्यावर होतो. आय हर्ड यू."

मग त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.