उजवी पाकळी

तळहातावर फुलाची ओली पाकळी धरून काकी माझ्या टॅक्सीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "उजवी दिल्यान. काढ गाडी."

पेडण्याकडच्या मंडळींना हे समजावायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, घरची बाई दाक्तराकडे न्यायची तर आधी देवीचा कौल लागायचा. गुरव मूर्तीला पाकळ्या लावायचा आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालायचा. उजवी पाकळी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. पुरुषाला ताप आला तर तो सरळ गाडीत येऊन बसायचा. त्याच्यासाठी देवीला तसदी नसे.

बायकांचे प्रश्न देवळात न्यायचं काम काकीचं. डावी पडली की ती माझ्याकडे यायचीच नाही. मग ती बाई विहिरीवर दिसेनाशी व्हायची. पुढचं कोणी विचारत नसे.

मी ड्रायव्हर कसला, ते एका खेपेवरून ओळखा. काकीने "काढ गाडी" म्हटलं आणि मी काढली. म्हापशाला पोचून ऐटीत म्हणालो, "उतरा वयनी." मागे वळून बघतो तर सीटवर फक्त पिशवी! पेशंट वाड्यावरच, एक पाय उचललेल्या अवस्थेत राहिलेली. परत आलो तेव्हा काकी कमरेवर हात ठेवून उभी.

"पिशयेक बरां वाटलां मा रे?"

पुढे कितीतरी दिवस मला वाड्यावर 'पिशवीचो दाक्तर' म्हणत.

मग काकी देवळात जायची थांबली. पायरीखाली, दीपस्तंभाला टेकून बसायची. तोंड पिठासारखं पांढरं.

"आत जाणस नाय, काकी?"

"कशी जांव? भायर आसय मी."

मी फिस्सकन हसलो. "ह्या वयार?"

ती हसली नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "थांबणाच नाय रे."

"मगे दाक्तराकडे चल."

"देवीक इचारल्याशिवाय?"

"दुसऱ्या कोणाक सांग इचारूक."

"आणि गुरव गाऱ्हाण्यात काय सांगतलो? ह्या? सगळ्या बाप्यांफुडे?"

साऱ्या वाड्याचे प्रश्न तिने आत नेले. तिचा न्यायला कोणी नव्हतं.

मग मीच गेलो. गुरवाने विचारलं, "काय घालू गाऱ्हाण्यात?" देवळात माणसं बसलेली. माझे कान तापले. तोंडातून निघालं, "माझी टॅक्सी... पणजेक न्हेव काय नको?"

उजवी पडली, तीही टपकन. मी पाकळी घेऊन धावत सुटलो, पायरीवर घसरलो, गुडघा फोडून घेतला.

"काकी, उजवी!"

"कोणाच्या नावान इचारलंस?"

"माझ्या."

"मगे ती तुका दिल्यान. तूच जा दाक्तराकडे. गुडघो दाखय." ती खळखळून हसली, मग पोट धरून खाली बसली. घरी गेली ती कुंपणाचा आधार घेत घेत.

काही दिवसांनी तिच्या मुलाने आणि सुनेने तिला उचलून, पिशवीसकट, माझ्या गाडीत घातलं. तिची शुद्ध गेली होती. कौल नाही, गाऱ्हाणं नाही. शुद्ध नसलेल्या बाईला कौल लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

वाटेत तिने डोळे उघडले. हात सीटवर काहीतरी चाचपत होता.

"खंय व्हरतास?"

"पणजेक."

"उजवी दिल्यान?"

आरशात सून माझ्याकडे बघत होती. मुलगा खिडकीबाहेर.

"उजवी," मी म्हणालो. "तुज्याच नावान इचारलेलंय, काकी."

तिचा हात थांबला.

"मगे काढ गाडी."

पणजीच्या वाटेवरचा कोलवाळचा पूल तेव्हा कधीच मागे पडला होता.

दाक्तर म्हणाले, उशीर झाला. मुलगा-सून तिच्यापाशी थांबली, संध्याकाळी मी एकटाच परतलो. वाड्यावर पोचल्यावर सवयीने मागे वळून पाहिलं. सीटवर फक्त पिशवी होती.